क्रीडास्मृतींचे संग्रह आणि त्यांचे प्रामाण्य

इ. स. १९४७-४८ च्या हंगामात भारताचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून अवघे काही महिने लोटले होते. पाच कसोटी सामन्यांपैकी चार भारताने गमावले व एक अनिर्णित राहिला. डॉन ब्रॅडमनने त्या मालिकेत ७१५ धावा काढल्या. अॅडिलेड येथे विजय हजारे यांनी ११६ व १४५ अशी दोन्ही डावांत शतके केली. मालिकेचा हा वृत्तान्त कोणत्याही संदर्भग्रंथात मिळतो. परंतु त्या दौऱ्याच्या दोन स्मृतिवस्तू पाऊणशे वर्षांनंतर लोकांपुढे आल्या आणि त्यांनी क्रीडासंग्रहाच्या शास्त्राविषयी काही मूलभूत प्रश्न उपस्थित केले. पहिली वस्तू म्हणजे ब्रॅडमनने भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना भेट दिलेली हिरवी टोपी. डिसेंबर २०२४ मध्ये सिडनी येथे तिचा लिलाव झाला; बोली ३,९०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवर थांबली आणि शुल्क धरून ग्राहकास ४,७९,७०० डॉलर मोजावे लागले. त्या वेळी तिचे वर्णन असे करण्यात आले होते की, भारताविरुद्धच्या त्या मालिकेत ब्रॅडमनने वापरलेली ही एकमेव ज्ञात टोपी होय.

'एकमेव ज्ञात' ही शब्दयोजना जेमतेम वर्षभर टिकली. त्याच दौऱ्यात ब्रॅडमनने श्रीरंग वासुदेव तथा रंगा सोहोनी यांना दिलेली दुसरी टोपी पुढे आली व २०२६ च्या आरंभी ऑस्ट्रेलियात लिलावास ठेवण्यात आली. सोहोनी हे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या महाराष्ट्र संघातून नावारूपास आलेले अष्टपैलू खेळाडू. १९४६ साली मँचेस्टर येथील कसोटीत दत्ताराम हिंदळेकर यांच्या जोडीने शेवटची काही मिनिटे यष्टीपुढे उभे राहून त्यांनी भारताचा पराभव टाळला होता. १९९३ साली ठाण्यास त्यांचे निधन झाले. टोपी कुटुंबातच राहिली. ती कुणासही दाखविली जात नसे. घरातील मूल सोळा वर्षांचे झाले म्हणजे त्यास ती पाच मिनिटे पाहू देत, असे या लिलावाच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांत सांगितले आहे. टोपीच्या आतील बाजूस ब्रॅडमन व सोहोनी या दोघांचीही नावे आहेत.

या दोन टोप्यांच्या कथेत लिलावाच्या रकमेपेक्षा अधिक महत्त्वाचे असे काही आहे. 'ज्ञात' म्हणजे 'अस्तित्वात असलेले' नव्हे, हा इतिहासाच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविला जाणारा धडा. बाजाराची भाषा मात्र तो सहज विसरते. शिवाय त्या काळी ऑस्ट्रेलियन खेळाडूस प्रत्येक मालिकेसाठी नवी टोपी मिळत असे व जुनी देऊन टाकण्यात कुणास संकोच वाटत नसे. तिला आज जे पावित्र्य आले आहे ते १९४८ साली नव्हते. म्हणजे वस्तू तीच, पण तिचा अर्थ पुढील पिढ्यांनी घडविला. एखादा संग्रह थोर आहे की नाही हे ठरविताना या दोन गोष्टी, वस्तूची परंपरा आणि तिच्या अर्थाचे कालमान, प्रथम पाहावयास हव्यात. किंमत नंतर.

किमतीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण सामान्य समजूत अशी की जो संग्रह महाग तो मोठा. जानेवारी २०२० मध्ये शेन वॉर्नची टोपी १०,०७,५०० ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली, म्हणजे ब्रॅडमनच्या टोपीच्या दुपटीहून अधिक. वॉर्न मोठा गोलंदाज खरा. परंतु ती रक्कम ऑस्ट्रेलियातील वणव्यांनी पीडित झालेल्यांच्या साहाय्यार्थ जमा होत होती आणि बोली लावणाऱ्यांच्या मनात टोपीइतकाच वणवा होता. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वानखेडे मैदानावर महेंद्रसिंग धोनीने ज्या बॅटने विजयाचा षटकार मारला, ती त्याच वर्षी लंडन येथे धर्मादाय कार्यासाठी १,००,००० पौंडांस विकली गेली. या रकमा प्रसंगाच्या निदर्शक होत. त्यांवरून वस्तूचे ऐतिहासिक वजन काढू गेल्यास फसगत ठरलेली.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतील जेफरसन बर्डिक या गृहस्थाचे आहे. तो न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विजेचे साहित्य बनविणाऱ्या कारखान्यात काम करी. अविवाहित होता, संधिवाताने जखडलेला होता व धनिक तर मुळीच नव्हता. सिगारेटच्या पाकिटांतून, मिठाईच्या पुड्यांतून व दुकानांच्या जाहिरातींतून निघणारी छापील कार्डे त्याने जमविली. अखेरीस त्यांची संख्या तीन लाखांच्या वर गेली व त्यांपैकी तीस हजारांहून अधिक बेसबॉल खेळाडूंची होती. १९४७ पासून त्याने हा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्यास आरंभ केला आणि पुढील वर्षे तेथेच बसून आखडलेल्या बोटांनी एकेक कार्ड वह्यांत चिकटविण्यात घालविली. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरे झाले. मार्चमध्ये तो वारला.

बर्डिकची खरी कामगिरी ही संख्या नव्हे, तर त्याने सिद्ध केलेली सूची होय. कोणत्या व्यवसायाने, कोणत्या काळात, कोणती मालिका काढली याचे वर्गीकरण करून त्याने प्रत्येक मालिकेस अक्षर व अंक दिले. आज जगातील सर्वांत प्रसिद्ध बेसबॉल मालिका 'टी २०६' या नावाने ओळखली जाते. ते नाव उत्पादकाचे नसून बर्डिकच्या सूचीतील क्रमांक आहे. १९०९ ते १९११ या काळात तंबाखूच्या पाकिटांतून निघालेल्या या मालिकेत होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड लवकरच छापावयाचे थांबले, त्यामुळे त्याच्या थोड्याच प्रती उरल्या. बर्डिकच्या सूचीत तिची किंमत ५० डॉलर दिलेली होती व ती त्या काळी फार मोठी वाटे. २०२२ साली अशी एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. बर्डिकच्या वह्यांत हे दुर्मिळ कार्ड व कुणाही सामान्य खेळाडूचे कार्ड एकाच प्रकारे, एकाच डिंकाने चिकटविलेले आहे. दुर्मिळ वस्तूस वेगळा गाभारा नाही. संग्राहकाच्या वृत्तीचे याहून नेमके प्रमाण सापडणे कठीण.

मराठी वाचकास यात काही अपरिचित वाटू नये. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा घरोघरच्या माळ्यांवरील रुमालांत बांधलेली दप्तरे वाण्याच्या पुड्यांसाठी व उंदरांसाठी राखून ठेविल्यासारखी पडून होती. राजवाड्यांनी तलवारी व शिरपेच यांच्यामागे न लागता कागद जमविले. राजाच्या पत्रास जो मान, तोच गावच्या कुळकर्ण्याच्या हिशेबास दिला. पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, फण्या, लामणदिव्यांच्या साखळ्या असा संसारातील वस्तूंचा संग्रह केला व तो पुढे शासनाच्या स्वाधीन केला. एकट्या अडकित्त्यास फारसा अर्थ नसतो. शेकडो अडकित्ते शेजारी मांडले म्हणजे त्यांतून लोहाराची कला, प्रदेशाची अभिरुची व पानसुपारीचा शिष्टाचार बोलू लागतो. क्रीडासंग्राहकाने आपला कुलवृत्तान्त शोधावयाचा तर महाराष्ट्रात तो या दोन घराण्यांत सापडेल.

आता कार्डांकडे वळू. क्रिकेटपटूंच्या चित्रकार्डांचा उगम सिगारेटच्या पाकिटात आहे. पाकीट चुरगळू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालीत. त्यावर चित्र छापले म्हणजे ग्राहक बांधला जातो, हे व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानी आले. ब्रिटनमधील विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली. त्याच वर्षी रणजितसिंहजी इंग्लंडच्या संघातून प्रथम कसोटी खेळले, आणि १८९७ च्या ऑगस्टमध्ये 'व्हॅनिटी फेअर' या साप्ताहिकाने त्यांचे रंगीत व्यंगचित्र प्रसिद्ध केले. म्हणजे मुद्रित क्रीडाचित्रांच्या जगात हिंदी खेळाडू अगदी आरंभीच शिरला. मात्र इंग्लंडचा खेळाडू म्हणून. त्याच काळात मुंबई-पुण्याच्या मैदानांवर ज्यांनी हिंदी क्रिकेट घडविले, त्यांच्यासाठी कुणी असे कार्ड छापले नाही. ब्रिटनमधील ही प्रथा दुसऱ्या महायुद्धात कागदाच्या टंचाईने संपली.

आपल्याकडे खेळाडूंची कार्डे सर्वसामान्य मुलांच्या हाती आली ती पुष्कळ उशिरा, १९८३ च्या विश्वचषकविजयानंतर. १९८७ च्या रिलायन्स चषकाच्या सुमारास 'बिग फन' या च्युइंगगमच्या वेष्टनातून खेळाडूंची चित्रे व त्यांवर धावा आणि बळी यांचे आकडे येत. ठराविक धावा व बळी जमविले की त्यांच्या बदल्यात पाने भराभर उलटल्यास खेळाडू फटका मारताना दिसे अशी लहानशी पुस्तिका मिळे. पुढे १९९० च्या दशकात 'ट्रम्प कार्डां'चा खेळ आला. सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, झेल अशा आकड्यांची तुलना करून एकाने दुसऱ्याचे पान जिंकावयाचे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत इमारतींच्या जिन्यांवर, शाळेच्या बसमध्ये व परीक्षेनंतरच्या दुपारी हा खेळ चाले. नंतर टॉप्स या अमेरिकन कंपनीची 'क्रिकेट अटॅक्स' ही कार्डे भारतात आली. तोपर्यंत परदेशातील संग्राहकांच्या सवयी, कोरी कार्डे प्लॅस्टिकच्या खोबणीत जपणे, त्यांच्या स्थितीस गुण देणे, इकडेही पोहोचल्या होत्या.

येथे एक मतभेदाचा मुद्दा आहे. परदेशी बाजारात कार्डाचा कोपरा मोडला की किंमत कोसळते. १९५२ सालच्या टॉप्स मालिकेतील मिकी मँटलचे कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेले, त्याचे एक कारण असे की ते जणू कालच छापल्यासारखे होते. त्यास कुणी खेळविले नव्हते, ही त्याची प्रशस्ती. परंतु सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने पाहता, कडा झिजलेल्या, एखाद्या पानाच्या पाठीमागे शाईने नाव घातलेल्या व दोन पाने हरविल्यामुळे पुठ्ठ्याची दोन घरगुती पाने घातलेल्या ट्रम्प कार्डांच्या जोडास अधिक मोल आहे. मूल आकडे कसे शिकले, कोणत्या खेळाडूस मान देत असे, पाने कशी जपी आणि कशी गमावी, याचा तो लेख आहे. कोऱ्या जोडावरून केवळ मुद्रकाची माहिती मिळते. अर्थात दोन्ही प्रकार एका संग्रहात असणे उत्तम. परंतु ज्या संग्राहकाने झिजलेला जोड केवळ झिजलेला म्हणून टाकून दिला, त्याच्या संग्रहास थोर म्हणण्याचे धाडस करवत नाही.

मुंबईच्या उपनगरांचा विचार या संदर्भात स्वतंत्रपणे करावयास हवा. अंधेरी व घाटकोपर हे भाग १९५० साली आणि बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. लोकवस्ती तिकडे सरकली, तरी क्रिकेटची प्रमुख मैदाने आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा येथेच राहिली. ब्रेबर्न स्टेडियम १९३७ चे, वानखेडे १९७५ चे, दोन्ही चर्चगेटपाशी. परिणामी उपनगरातील खेळाडू आणि प्रेक्षक दोघेही लोकलने खाली जात व संध्याकाळी परत येत. उपनगर हे सामन्याचे स्थळ क्वचितच होते. सामन्यातून घरी नेलेल्या वस्तूंचे ते स्थळ होते. तिकिटाचा उरलेला अर्धा तुकडा, सामन्याची छापील पत्रिका, स्वाक्षऱ्यांची वही, वर्तमानपत्रातील कात्रण आणि 'एकच षटकार'सारख्या मराठी क्रीडानियतकालिकाच्या मधल्या पानावरील छायाचित्र, इतकीच ही संपत्ती. ती दोन खोल्यांच्या घरात, पलंगाखालच्या ट्रंकेत किंवा स्वयंपाकघरावरील माळ्यावर राहिली.

तिकिटाचा अर्धा तुकडा क्षुद्र वाटतो, पण त्याकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहावे. वानखेडे स्टेडियम उभे राहिले तेच मुळी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व मुंबई क्रिकेट संघटना यांच्यातील तिकिटांच्या वाटपावरील वादामुळे. जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली व क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा केल्या. या सामन्याचे तिकीट ज्याने जपले, त्याने लॉईडच्या खेळीची आठवण जपली असे त्यास वाटत असेल. वस्तुतः शहराच्या क्रीडासत्तेच्या स्थलांतराचा कागद त्याच्यापाशी आहे. त्यावरील किंमत, सज्जाचे नाव, वितरण करणाऱ्या संस्थेचा शिक्का ही सारी माहिती कोणत्याही धावफलकात मिळावयाची नाही.

अशा कागदांचे दोन शत्रू आणि एक दुहेरी मित्र आहे. पहिला शत्रू दमट हवा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उपनगरांतील कागद वाकतो, चिकटतो, त्यास बुरशी येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यांवरील घरांत कमरेइतके पाणी शिरले आणि ट्रंकांतील कागदांचे लगदे झाले. दुसरा शत्रू इमारतींची पुनर्बांधणी. जुनी चाळ किंवा गृहनिर्माण संस्था पाडावयाची म्हणजे आधी माळे रिकामे होतात, आणि माळ्यावरून उतरलेली वस्तू नव्या घरी क्वचितच चढते. दुहेरी मित्र म्हणजे रद्दीवाला. आयुष्यभर जमविलेली कात्रणे तो किलोच्या भावाने घेऊन जातो, आणि अनेक संग्राहकांचे आरंभीचे भांडवलही त्याच्याच तराजूवरून उचललेले असते. या व्यवहारात एक गोष्ट मात्र कायमची हरवते, ती म्हणजे मूळ मालक कोण होता याची नोंद. राजवाडे ज्यास दप्तराचा ठावठिकाणा म्हणत, तो रद्दीच्या दुकानात पुसला जातो. म्हणून विवेकी संग्राहक वस्तूबरोबर दुकानाचे नाव, तारीख व त्याच गठ्ठ्यातील इतर कागद यांचीही टीप ठेवतो.

मुंबईत हे काम शास्त्रीय पातळीवर नेणाऱ्यांत आनंदजी डोसा (१९१६-२०१४) व वसंत रायजी (१९२०-२०२०) यांची नावे अग्रभागी येतात. डोसा यांनी आकड्यांच्या नोंदी अशा काळजीने ठेवल्या की हिंदुस्थानातील क्रिकेट-सांख्यिकीचा तो पाया ठरला. रायजी स्वतः प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळलेले. त्यांनी पारशी क्रिकेटच्या आद्यपर्वावर, रणजितसिंहजींवर, सी. के. नायडूंवर ग्रंथ लिहिले. दोघांनी मिळून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व ब्रेबर्न स्टेडियम यांचा पन्नास वर्षांचा इतिहासही सिद्ध केला. त्यांच्या संग्रहांचे वैशिष्ट्य असे की त्यांतून ग्रंथ निघाले. जो संग्रह केवळ पाहावयाचा असतो आणि ज्यातून काही सिद्ध करता येते, या दोहोंत मोठे अंतर आहे.

नोंदवहीचे उदाहरण याच कारणाने विशेष महत्त्वाचे ठरते. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी (नाबाद ३४९) व सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. आझाद मैदानावरील त्या शालेय सामन्यास कॅमेरा नव्हता. धावा लिहिणाऱ्याची पेन्सिल होती. पुढे कीर्तिशिखरावर पोहोचलेल्या त्या खेळाडूच्या शेकडो बॅटा व हातमोजे जगभर विखुरले, परंतु त्या दिवशी खरोखर काय घडले याची मूळ साक्ष वहीची ती पाने. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा करून ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम मागे टाकला, तेव्हाही जगभरच्या वार्ताहरांनी प्रथम विचारपूस केली ती धावलेखकांच्या नोंदींची.

कांगा साखळी सामन्यांच्या वह्या याहून साध्या, पण एका अर्थी अधिक बोलक्या. डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ साली सुरू झालेले हे सामने दीर्घकाळ ऐन पावसाळ्यात, ओल्या व उघड्या खेळपट्ट्यांवर होत आले. उपनगरांतील कित्येक क्लबांचे संघ त्यांत उतरले. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालत की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टीजवळ उभा असे. अशा सामन्यांच्या वह्यांत बँकेतील कारकून, गिरणीतील जॉबर व कसोटीवीर यांची नावे एकाखाली एक येतात. आडनावांवरून कोणत्या क्लबात कोणती जात, कोणता प्रांत, कोणती नोकरी केव्हा शिरली याचा आलेख काढता येईल. बहुतेक क्लबांपाशी तंबू, एक पेटी व एक हौशी चिटणीस इतकीच व्यवस्था असते. चिटणीस बदलला की वह्यांचा वारसा अनिश्चित होतो.

संग्रहात काय आहे याइतकेच काय नाही हेही तपासावे लागते. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडू यांनी एम. सी. सी. विरुद्ध १३ चौकार व ११ षटकारांसह १५३ धावा केल्या व पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. देवधरांनी त्याच पाहुण्यांविरुद्ध १४८ धावा केल्या. चांदीची बॅट ही गौरववस्तू. ती मुळातच जपण्यासाठी घडविलेली. याच्या शेजारी पळवणकर बाळू यांचा विचार करावा. चांभार समाजातून आलेल्या या डावखुऱ्या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी मिळविले. पुण्यात त्यांना मैदानावर संघातील इतरांच्या बरोबरीने चेंडू हाताळता येई, पण चहा वेगळ्या पात्रात मिळे. हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. गौरववस्तूंवर उभारलेल्या संग्रहात बाळूंसाठी कपाट कोठून येणार? ज्यांना गौरव नाकारला गेला त्यांच्या वस्तू कमी असणारच, आणि संग्राहकाने ही गोष्ट न ओळखल्यास तो जुनाच अन्याय काचेच्या आड मांडून ठेवतो.

सुदैवाने पळवणकरांच्या बाबतीत एक वस्तू उरली, आणि ती बॅट किंवा चेंडू नव्हे. विठ्ठल पळवणकर यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. ते पुढे विस्मृतीत गेले व प्रती दुर्मिळ झाल्या. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली हिंदी क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर ग्रंथ लिहिला, त्यातील पळवणकर बंधूंच्या प्रकरणांस या मराठी पुस्तकाचा मोठा आधार आहे. ते रद्दीत संपूर्णपणे गेले असते तर त्या अध्यायातील कित्येक गोष्टी कायमच्या अज्ञात राहिल्या असत्या. बाजारात या पुस्तकाच्या जीर्ण प्रतीस कुणा नामांकित फलंदाजाच्या हातमोज्याइतकीही किंमत येईल की नाही याची शंका आहे.

देशी खेळांची स्थिती याहून बिकट. कबड्डी, खो-खो, आट्यापाट्या, मल्लखांब यांच्या खेळाडूंची कार्डे निघाली नाहीत. कबड्डीस व्यावसायिक रूप मिळाले ते २०१४ साली. परंतु कागद आहेत. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधले; अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली; बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड संपादित करून आखाड्यांची, वस्तादांची, डावपेचांची माहिती एकत्र आणली. बर्डिकने कार्डांसाठी जे केले, त्याच जातीचे हे काम मराठीत झालेले आहे. कबड्डीच्या स्पर्धेचे भित्तिपत्रक, व्यायामशाळेचा वार्षिक अहवाल, विजेत्या संघाचे उन्हात घेतलेले सामूहिक छायाचित्र, ही या क्षेत्राची चित्रकार्डे होत. लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्यावर तेथील वस्ती उपनगरांकडे सरकली, त्याबरोबर ही छायाचित्रेही गेली. त्यांच्या पाठीमागे नावे लिहून घेण्याचे काम ज्यांना चेहरे ओळखता येतात अशी माणसे हयात आहेत तोवरच शक्य आहे.

अलीकडे संस्थात्मक पातळीवर काही घडू लागले आहे. पुण्यात रोहन पाटे यांनी उभारलेल्या 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' या संग्रहालयात जगभरच्या क्रिकेटपटूंच्या बॅटा व साहित्य पाहावयास मिळते. २०२५ साली वानखेडे स्टेडियममध्ये मुंबई क्रिकेट संघटनेचेही संग्रहालय सुरू झाले. अशा ठिकाणी अभ्यासकाने दोन प्रकारच्या वस्तूंत भेद करावयास शिकले पाहिजे. एक, खेळाच्या ओघात निर्माण झालेली: चेंडूचे लाल डाग पडलेली बॅट, धावांची वही, प्रवासाचे भत्तापत्रक. दुसरी, स्मृतीसाठीच निर्माण केलेली: स्वाक्षरी घेण्याच्या हेतूनेच पुढे केलेली कोरी बॅट. दुसरी खोटी नव्हे. तिलाही इतिहास आहे, पण तो प्रसिद्धीचा व चाहत्यांचा, सामन्याचा नव्हे. फलकावर हा भेद लिहिला गेला की संग्रहाचे निम्मे काम झाले.

खाशाबा जाधव यांचे पदक हे या सर्व प्रश्नांचे सर्वांत अवघड रूप आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या या मल्लाने जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी फिरली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले असे सांगतात. परतल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. १९८४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या नावाने कुस्तीसंकुल उभारण्याचे आश्वासन रेंगाळल्यामुळे, त्याच्या निधीसाठी पदकाचा लिलाव करण्याचा विचार कुटुंबीयांनी २०१७ साली जाहीर केला. राष्ट्रीय वारशाची वस्तू खाजगी घरात असावी की सार्वजनिक संग्रहालयात, हा प्रश्न पुस्तकात सोपा दिसतो. ज्या घराने साठ वर्षे ती सांभाळली, त्या घराचा तिच्यावरील हक्क भावनेचा आहे तसाच व्यवस्थेचाही आहे, आणि शासनाने वस्तू मागण्यापूर्वी दिलेला शब्द पाळणे क्रमप्राप्त होते.

शिवाय पदक हा त्या कथेचा एकच कागद. हेलसिंकीच्या समितीने तशी पदके त्या वर्षी शेकड्यांनी वाटली. ज्या गावांनी चार आणे, आठ आणे, रुपया अशी वर्गणी दिली त्यांची नावे मात्र अन्यत्र कोठेही नोंदविलेली नाहीत. तशी एखादी यादी कराड किंवा कोल्हापूर भागातील कुणाच्या दप्तरात, अथवा तेथून मुंबईस येऊन मुलुंड-घाटकोपरला स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाच्या ट्रंकेत उरली असेल, तर तिची जागा पदकाच्या शेजारी, त्याच कपाटात आहे.